मिटलेला मळा

करंजवडच्या पानमळ्यात शिरायचे तर पायताण कुडाच्या कुंपणाबाहेर काढावे लागते. आत मोठ्याने बोलायचे नाही. आणि महिन्याच्या त्या चार दिवसांत 'बाजूला बसलेल्या' बाईने तर मळ्याकडे फिरकायचेच नाही. तिची सावली पडली तरी वेल करपते. यातल्या पहिल्या नियमाला कारण आहे. चपलेच्या तळाला चिकटून आलेली बुरशी ओल्या सावलीतली मुळे कुजवते. दुसऱ्यामागे निदान सौजन्य आहे. तिसरा नियम बायकांसाठी होता, त्यामुळे त्याला काही कारण असावे अशी अपेक्षा कोणी केलेली नव्हती.

कुमुदिनी मगदूमने ती केली. चौदाव्या वर्षी, घरची मंडळी जेवून लवंडलेली असताना, त्याच चार दिवसांत ती वडिलांच्या मळ्यात शिरली. एका ओळीतल्या सगळ्या वेलींना तिने हात लावला, शेजारच्या ओळीला मुद्दाम लावला नाही, आणि ओळख राहावी म्हणून पहिल्या ओळीच्या, वेली चढवलेल्या पांगाऱ्याला परकराची चिंधी बांधली. महिन्याभराने दोन्ही ओळींची पाने सारखीच हिरवी आणि सारखीच तिखट निघाली. हा तिच्या आयुष्यातला पहिला प्रयोग. त्याचा निष्कर्ष तिने कोणाला सांगितला नाही, कारण ज्यांना सांगायचा त्यांना तो नको होता. तुलनेसाठी न हाताळलेली एक ओळ नेहमी राखावी आणि निष्कर्ष नको असलेल्या माणसांपुढे तो मांडून उपयोग नसतो, हे विज्ञानाचे दोन्ही धडे तिला असे एकाच दुपारी मिळाले. पहिला ती जन्मभर विसरली नाही. दुसरा विसरली.

पुढे पुण्याच्या पर्णजल संशोधन मंडळात डॉ. कुमुदिनी मगदूम यांनी जे नाव मिळवले, ते पानांच्या तोंडावर.

पानाच्या पाठीवर, नखाएवढ्या जागेत, हजारो रंध्रे असतात. प्रत्येक रंध्राला दोन ओठ. शास्त्रात त्यांना रक्षकपेशी म्हणतात. त्या पाण्याने फुगल्या की ओठ विलग होतात, सैलावल्या की मिटतात. ओठ उघडल्याशिवाय हवेतला कर्बवायू आत येत नाही, आणि कर्बवायूशिवाय पानाला अन्न नाही. पण दार उघडे पडले की आतले पाणी बाहेर पळते. कर्बवायूचा एक रेणू कमवायला पाण्याचे काहीशे रेणू हवेला द्यावे लागतात. इतका आतबट्ट्याचा व्यवहार वनस्पती कोट्यवधी वर्षे करीत आल्या आहेत आणि तरीही पृथ्वी हिरवी आहे, याचे श्रेय त्यांच्या तारतम्याला द्यायला हवे. सह्याद्रीच्या माथ्यावरचे झाड पावसाच्या भरवशावर दार सताड टाकते. माणदेशातली बाभूळ हात आखडता घेते. निवडुंग दिवसभर ओठ घट्ट मिटून बसतो आणि रात्री, उन्हाची नजर चुकवून, श्वास घेतो. तहान आणि भूक यांच्यामधली रेघ प्रत्येक पान आपापल्या हवामानात, घटकेघटकेला, नव्याने आखते. माणसांच्या मंत्रिमंडळांना ही रेघ एकदाही सरळ आखता आलेली नाही.

जमीन कोरडी पडू लागली की झाडात एक संप्रेरक तयार होते. ती दुष्काळाची वार्ता. ती पोचली की पान ओठ मिटते. कुमुदिनीने या वार्तेची नक्कल तयार केली. तिचे संयुग पाण्यात विरघळे, उन्हाने विटत नसे, मातीतून मुरले तरी गाळले जात नसे. मुळे पाण्यात उभी असली तरी पानाला वाटे, दुष्काळ आला. आणि ते तीन चतुर्थांश रंध्रे मिटून घेई. एरवी असे पान उपाशी मेले असते. पण त्या दशकात हवेतला कर्बवायू इतका वाढला होता की किलकिल्या दारातूनही पोटापुरता आत येई. ज्या पापाने हवा तापवली, त्याच पापाच्या भांडवलावर हा उपाय उभा होता. उसाचे पीक जेमतेम घटले, पाणी मात्र चाळीस टक्के वाचले. जैन घरात वाढलेल्या कुमुदिनीने संयुगाला नाव दिले 'संयम'. सरकारला ते फार आवडले. दुसऱ्याच्या संयमाइतकी सरकारला प्रिय गोष्ट नसते.

वाचलेले पाणी कृष्णेच्या काठी नव्याने उभ्या राहिलेल्या संगणककेंद्रांना दिले गेले. ती यंत्रे अखंड तापत आणि त्यांना निववायला अखंड पाणी हवेत उडवावे लागे. पानांनी उडवायचे पाणी आता यंत्रे उडवू लागली. याला योजनेच्या कागदांत 'जलसंवर्धन' असा शब्द होता.

पान पाणी उडवते ते केवळ कर्बवायूची किंमत म्हणून नव्हे, तो त्याचा घामही असतो, हे कुमुदिनीला ठाऊक होते. ओठ मिटलेले पान उन्हात तापते, आपल्याभोवतीची हवा तापवते. मोकळ्या रानात वारा ही हवा वाहून नेतो. पानमळ्याची गोष्ट वेगळी. चहूबाजूंनी घट्ट विणलेला कूड, वर पांगाऱ्याशेवरीचे छत, आत वेलींची दाटी: वारा येऊच नये अशी त्याची रचना. वैशाखात करंजवडची माणसे दुपार काढायला तिथे जात, कारण पानांच्या घामाने मळा थंडगार राही. म्हणून कुमुदिनीने संमती देताना अट घातली होती की पानमळ्यांना संयम लागता कामा नये.

फाल्गुनातल्या बैठकीत मंडळाचे संचालक डॉ. इंद्रनील सबनीस म्हणाले, "मॅडम, ड्रोननं संयम फवारायची कटकट बंद करतोय आपण. कालव्याच्या तोंडालाच मात्रा सोडायची. एका दमात सगळं लाभक्षेत्र."

"आणि माझी अट?"

"शिरसावंद्य! मळे विहिरीवर आहेत. हा नकाशा बघा, एका तरी मळ्यात कालव्याचा पाट गेलाय का?"

तिने नकाशा पाहिला. एकाही मळ्यात पाट गेलेला नव्हता. नकाशात पाझर दाखवीत नाहीत. कालवा सुटला की मळ्यातल्या विहिरीची पायरी न् पायरी बुडत जाई. लहानपणी ती आणि धाकटा भाऊ भरतेश काठावर पाय सोडून बसत आणि सांजेपर्यंत किती पायऱ्या जातील यावर पैजा लावीत. पैज नेहमी तीच जिंके. पण त्या गारेगार दालनात तिला विहीर आठवली नाही. तिथे तिला तज्ज्ञ म्हणून बोलावले होते, आणि काठावर पाय सोडून बसलेली मुलगी काही तज्ज्ञ नव्हती.

"ठीक आहे," ती म्हणाली.

वैशाखात करंजवडचा पारा सत्तेचाळीसवर गेला आणि वीज गेली. त्या दिवशी सकाळीच भरतेशच्या मुलीचा, त्रिशलाचा, फोन आला. बारावी झालेली ही पोर जूनपासून पुण्यात आत्याकडे राहून वनस्पतिशास्त्र शिकणार होती. आपल्याला मूल नाही याचे कुमुदिनीला कधी वाईट वाटले नव्हते, याचे कारण त्रिशला होती.

"आत्ती, मी बाजूला बसलेय."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? गोठ्यामागच्या पत्र्याच्या खोलीत. स्पेशल रूम. शेजारी म्हैस फुकट."

"अगं, पत्रा केवढा तापला असेल!"

"आई छपरावर पोती टाकून सारखं पाणी मारतेय. पुस्तकावर ठिबकतंय माझ्या. बाकी सगळी गँग मळ्यात लोळतेय. मुरगाप्पा आज्जासुद्धा."

"छपराला घाम आणतेय म्हण की तुझी आई," कुमुदिनी हसली.

"तू हस. मला सांग, मी मळ्यात गेले तर खरंच वेल करपते का?"

आजवर कोणालाही न सांगितलेली चिंधीची गोष्ट कुमुदिनीने सांगितली. पलीकडून आनंदाने किंचाळल्याचा आवाज आला.

"म्हणजे पुरावा आहे आपल्याकडं! आत्ती, तू पप्पांना फोन कर. आत्ताच्या आत्ता."

भरतेशने फोन घेतला तेव्हा मागे माणसांची कुजबुज होती. मळ्यात मोठ्याने बोलत नाहीत.

"आक्का, तू तितं पुण्यात बसून बोलतीस. मला हितं गावात ऱ्हायचंय."

"गावात राहायचंय म्हणून पोरीला पत्र्याखाली भाजायचं?"

"भाजतीय कुठं? चंद्रा पाणी माराय लागलीय की."

"भरतेश, तिला मळ्यात ने. वेलीखाली, सावलीत. पुढच्या महिन्यात ती वनस्पतिशास्त्र शिकायला येणार, आणि आज तिच्या सावलीनं वेल करपते म्हणून तू तिला गोठ्यामागं ठेवणार? लाज कशी वाटत नाही तुला?"

"मुरगाप्पा आज्जा उठून जाईल."

"जाऊ दे. आज्जाला पाय आहेत."

मागची कुजबुज वाढली. मग भरतेश म्हणाला, "नेतो. तू काय ऐकतीस व्हय कुणाचं."

कुमुदिनीने फोन ठेवला. चौदाव्या वर्षीचा निष्कर्ष इतक्या उशिरा का होईना प्रसिद्ध झाला, असे तिला वाटले. भावजयीशी, चंद्रकलेशी, एक शब्द बोलावा हे काही तिच्या मनात आले नाही.

मळ्यात पुढे काय झाले ते तिला नंतर समजले. पोरगी कुडातून आत आलेली पाहताच गावातला थोरला म्हातारा मुरगाप्पा उठला. खरे तर तो आधीपासूनच उठायला बघत होता. "आज मळा कोंदटलाय," असे दोनदा म्हणालाही होता. पण उठायला निमित्त मिळाल्यावर त्याने कारण बदलले. त्याच्यामागे एकेक करीत सगळेच उठले आणि गावातल्या बस्तीत, म्हणजे दगडी जैन मंदिरात, जाऊन गार फरशीवर आडवे झाले. वाटेत म्हाताऱ्याला भोवळ आली म्हणून भरतेश त्याला गाडीवर घालून घेऊन गेला. चंद्रकला लेकीजवळ थांबली होती. तेवढ्यात घरी म्हैस आडवी पडल्याचा निरोप आला, म्हणून म्हशीवर पाणी मारायला ती धावली. मळ्यात त्रिशला एकटी उरली. बस्तीत तिला जाता येत नव्हते. एका दिवसात एकच नियम मोडायचा असे आत्यानेही गृहीत धरलेले होते.

दुपारी तिचा पुन्हा फोन आला.

"आत्ती, हितं गरम होतंय गं. खोलीपेक्षा जास्त वाटतंय."

"वाटतं तसं. मळ्यात बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंश कमीच असतं. पानं पाणी सोडतात, त्यानं हवा निवते. पण दमटपणा असतो, म्हणून अंगावरचा घाम वाळत नाही. आडवी हो. पाणी पीत राहा."

"पानं गरम लागतायत हाताला."

"वरची असतील, उन्हातली."

"असतील." पाणी प्यायल्याचा आवाज आला. "डोकं दुखतंय. पण आता बाहेर गेले ना, तर म्हणतील, बघा, मळ्यानं हाकललं."

"तेवढं मात्र होऊ देऊ नकोस," कुमुदिनी म्हणाली. दारात शिपाई उभा होता. बैठक सुरू झाली होती. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व आहे म्हटल्यावर झोपतेच," त्रिशला म्हणाली, आणि हसली.

पानं गरम लागतायत. या तीन शब्दांचा पूर्ण अर्थ तत्काळ कळेल अशी माणसे साऱ्या देशात मोजकीच असतील. ते शब्द त्यांच्यापैकीच एकीला सांगितले गेले होते. तिने उत्तरादाखल पाठ्यपुस्तकातला परिच्छेद म्हणून दाखवला.

ऊन कलल्यावर चंद्रकला ताकाचा तांब्या घेऊन मळ्यात आली. तिने कुडाबाहेर चपला काढल्या, आणि आतून लेकीने ओ दिली नाही तेव्हा मळ्याचा नियम मोडून पहिल्यांदाच मोठ्याने हाक मारली.

कुमुदिनी पोचली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, अंत्यसंस्काराला. घरात तिला कोणी काही बोलले नाही, आणि तेच तिला सहन होईना. ती उठून मळ्यात गेली. कुडापाशी सवयीने चपला काढल्या. आत पाऊल टाकताच तळव्याला चिखल लागला. मुळांशी पाणी हवे तितके होते. वरची पाने मात्र कडांनी काळी पडून जळक्या कागदासारखी आत वळली होती. खालची हिरवी होती, नेहमीपेक्षा जाड आणि तकतकीत. बॅगेत नेहमी असणारा रंध्रमापक तिने काढला आणि एका पानाला चिमट्यासारखा लावला. सकाळची कोवळी वेळ, ओली माती, हे वेलीचे तोंड उघडण्याचे तास. काटा हलला नाही. तिने दुसरे पान घेतले, तिसरे घेतले, पांगाऱ्याचे घेतले. सगळा मळा ओठ मिटून उभा होता. पाण्यात पाय आणि डोक्यात दुष्काळ.

मग ती विहिरीशी गेली. पायऱ्या बुडाल्या होत्या. कालवा सुटलेला होता. ती काठावर बसली, लहानपणी बसायची तिथेच, आणि त्या दालनात जे आठवले नव्हते ते आता सगळे, एकही पायरी न गाळता, आठवले.

माघारी येताना गोठ्यामागे चंद्रकला उभी दिसली. पत्र्याच्या खोलीवरची पोती वाळून कडक झाली होती.

"वन्सं," चंद्रकला छपराकडे बघतच म्हणाली, "पोती ओली हुती. ती मळ्यात गेली म्हणून मी पाणी मारायचं थांबवलं. आत कुणी न्हाई म्हटल्यावर कुणासाठी मारू?"

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. ती फक्त घडले तसे सांगत होती. कुमुदिनीने जिथून भाचीला उठवले होते तिथे पाणी उडत होते आणि हवा निवत होती. जिथे पाठवले तिथे पाणी उडू नये अशी व्यवस्था तिने स्वतः केली होती. पन्नाशीला टेकलेल्या विदुषीने आयुष्यभर जे एकच शास्त्र शिकले ते हे, आणि ते एका बाईने चार गोणपाटांनी चालवले होते. फरक इतकाच की चंद्रकलेच्या छपराला पाणी वाचवायचे नव्हते.

संध्याकाळी सबनीसांचा फोन आला. आवाज मऊ होता.

"फार वाईट झालं, मॅडम. कल्पनाच करवत नाही."

"मळ्यात संयम उतरलाय. विहिरींना कालव्याचा पाझर आहे. मी मोजून पाहिलंय."

"हं." विराम अगदी थोडा होता. "हे बघा, तहसीलदारांचा अहवाल तयार होतोय. उष्माघात, आणि स्थानिक सामाजिक कारणं. गावकऱ्यांनी आपण होऊन सांगितलंय की ती मुलगी त्या दिवसांत मळ्यात गेली, म्हणून वेली करपल्या आणि... असो. आपण त्यांच्या श्रद्धेत कशाला पडा?"

"तुमचा विश्वास आहे त्यावर?"

"माझ्या विश्वासाचा प्रश्न कुठे येतो? पुढच्या हंगामात सगळं खोरं घ्यायचंय. तुम्ही थोडी रजा घ्या."

तिने फोन बंद केला. अडाणीपणा आणि सत्ता यांचे वैर असते, अशी समजूत तिने पुस्तकांतून करून घेतली होती. प्रत्यक्षात दोघे एकाच पाटावर बसून, एकमेकांना आग्रह करीत जेवत होते.

गावातले सारेच मळे करपले होते. म्हणून तेरावे व्हायच्या आधीच बस्तीच्या मंडपात माणसे जमली. शांतिविधान करावे आणि कूड उंच करावे असे ठरत होते. कुमुदिनी उभी राहिली. बाईने तिथे उभे राहून बोलायची रीत नव्हती, पण विदुषी म्हणून, आणि दुखवटा असलेली म्हणून, तिला बोलू दिले. तिने सगळे सांगितले: पानाचे ओठ, खोटी वार्ता, कालवा, पाझर. कठीण शब्द एकही वापरला नाही. माणसे नीट ऐकत होती.

मुरगाप्पाने विचारले, "त्या पाण्यात औषध हाय म्हणतीस. त्येच पाणी आमी प्यालो. आमाला का काय झालं न्हाई?"

"ते पानांना लागतं, आज्जा. माणसाला नाही."

"मग पोरगी कशी गेली?"

"पानांना घाम येईना, म्हणून मळ्याची भट्टी झाली. तुम्हीच म्हणाला होता ना, कोंदटलाय म्हणून?"

"ती आत आली म्हणून कोंदटला."

"तुम्ही ती यायच्या आधी म्हणालात!"

म्हातारा आठवू लागला, आणि आठवण त्याला सोयीची तिथे थांबली. कोपऱ्यातून कोणी म्हणाले, "एकाचा मळा करपला असता तर म्हटलं असतं, रोग. साऱ्यांचा करपला. एवढं मोठं पाप झालंय."

"एका पोरीच्या चार दिवसांनी साऱ्या गावाचे मळे करपतात, आणि कालवाभर औषधानं करपत नाहीत?"

तेव्हा भिंतीशी बसलेल्या भरतेशने मान वर केली. इतक्या दिवसांत तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"पाणी साऱ्यांच्याच विहिरीत आलं, आक्का. त्या दिवशी मळ्यात सारेच हुते. मग माझीच पोरगी का?"

या प्रश्नाचे उत्तर मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ते कोणाच्या ओठांवर येईना.

"कारण बाकीच्यांना इथं यायला मोकळीक होती," कुमुदिनी म्हणाली. तिने पायाखालच्या गार फरशीकडे बोट केले. "या दगडावर. तिला नव्हती. आणि मळ्यातून बाहेर पडू नकोस असं तिला मी सांगितलं होतं."

मग मुरगाप्पा सावकाश, जवळजवळ मायेने, म्हणाला, "म्हंजे आक्का, तू कबूल करतीस. तूच तिला आत घातलीस."

एवढ्या सगळ्या बोलण्यातले तेवढे एक वाक्य सभेने उचलले. आत घालणारी सापडली होती. कूड उंच करायचे ठरले आणि त्या दिवसांतल्या बाईने मळ्याच्या वाटेलाही जायचे नाही, असा नवा निर्बंध एकमताने घातला गेला. माणसे हळहळत, एकमेकांना हात देत, उठली.

बाहेर पायऱ्यांवर भरतेश चपला शोधत होता.

"तुला तरी पटलं का रे?" तिने विचारले.

तो खाली वाकलेलाच राहिला. "पटलं की. खोटं कशाला बोलू?"

"मग आत का नाही बोललास?"

"देवाचा कोप झाला म्हटलं तर सोसतंय, आक्का. तुझं खरं धरलं तर..." त्याला चपला सापडल्या होत्या, पण तो त्या घालत नव्हता. "मळ्यातनं बस्तीपतुर माझी गाडी आली. म्हाताऱ्याला घेऊन. माझ्या गाडीवर मागं आनि एक माणूस बसतंय."

कुमुदिनीने तेवढ्यावर हार मानली नाही. तिने मंडळाचा राजीनामा दिला आणि जे मोजले होते ते शास्त्रीय नियतकालिकाला पाठवले. उत्तर सभ्य होते. परीक्षकांना विषय महत्त्वाचा वाटला होता. परंतु एका मृत्यूवरून निष्कर्ष काढता येत नाही, आणि मुख्य आक्षेप असा की तुलनेसाठी संयम न मिळालेला एकही मळा लेखात नाही. तो तिने जोडावा.

तिने शोधला. कुठेच उरला नव्हता. ज्या गावांत पानमळे होते, त्या सर्व गावांत कालवा पोचला होता. न हाताळलेली ओळ सबंध तालुक्यात नव्हती, आणि पुढच्या हंगामात ती सबंध खोऱ्यात नसणार होती. ज्या अपराधातून कोणीच वगळले जात नाही तो सिद्ध करता येत नाही, ही विज्ञानाची अडचण तिच्या आधी ज्यांच्या लक्षात आली होती, त्यांनी त्या अडचणीवरच योजना उभी केली होती.

ज्येष्ठ सरला तरी आभाळ कोरडे होते. वरची जळकी पाने गळून गेल्यावर, उंच केलेल्या कुडांमागे मळे तकतकीत हिरवे दिसत. मुरगाप्पा आणि मंडळी आता दुपार बस्तीत काढीत. मळ्यात बसायची रीत कोणी न मोडता मोडली होती.

एका दुपारी चंद्रकला हातात बादली आणि काखेत गोणपाटांची चवड घेऊन निघाली. घराबाहेर पडलेली तिला कुमुदिनीने या दिवसांत पाहिले नव्हते.

"कुठं?"

"शेजारच्या उपाध्यांची मधली पोरगी बाजूला बसलीय. तिच्या आईला बरं न्हाई." ती थांबली. मग शिडीकडे मान वळवून म्हणाली, "ती घ्या, वन्सं. मला चढवत न्हाई आता."

कुमुदिनीने शिडी खांद्यावर घेतली. उपाध्यांच्या परसात, पत्र्याच्या खोलीला शिडी लावून ती वर चढली. पत्र्याने तळहात भाजला. तिने पोती पसरली, कडा एकमेकांवर घेतल्या, खालून चंद्रकलेने दिलेली बादली ओतली. फसफस आवाज झाला, वाफ उठली, मग पाणी सावकाश मुरू लागले. खालून एका मुलीचा आवाज आला, "काकू, ठिबकतंय!"

"ठिबकू दे," चंद्रकला म्हणाली.

बांधापलीकडे कालवा काठोकाठ भरून, संगणककेंद्रांच्या दिशेने, शांतपणे चालला होता. कुमुदिनीने ओल्या पोत्यावर तळवा ठेवला. ते गार पडत चालले होते. गोणपाटाला असंख्य छिद्रे असतात, आणि ती मिटवण्याचा शोध अजून कोणी लावलेला नव्हता.